चार बाजू मोजल्या, कर्ण कोण मोजणार?

माननीय संपादक,

मोपाचा विमानतळ झाल्यापासून आमच्या पेडण्यात जमीन बघायला येणाऱ्यांची रीघ लागलीय, ते असू दे, पण परवा ओळखीतल्या एकाच्या प्लॉटची मोजणी बघितली आणि राहवलं नाही म्हणून लिहितोय. एजंटने मेरेवरून, म्हणजे हद्दीच्या बांधावरून, चारही बाजूंनी टेप फिरवली, समोरासमोरच्या बाजूंची सरासरी काढली, मोबाईलवर गुणाकार मारला, झाला एरिया! या कोपऱ्यातून त्या कोपऱ्यात टेप कुणी धरलीच नाही. आणि घेणारा चांगला शिकलेला, तोही मान डोलावतोय.

आता समजा चारही बाजू २० मीटर. सगळे म्हणणार ४०० चौरस मीटर. बरोबर, पण कोपरे काटकोनात असले तरच. तोच प्लॉट कललेला असला आणि समोरच्या दोन कोपऱ्यांतलं अंतरही २०च भरलं, तर तो म्हणजे एकमेकाला चिकटलेले दोन समभुज त्रिकोण, एकेकाचं क्षेत्रफळ साधारण १७३, दोन्ही मिळून ३४६. बाजू त्याच, कुंपणाची तार तेवढीच, आणि ५४ चौरस मीटर गायब. बरं, ही सरासरीची रीत आयत सोडला तर नेहमी जास्तच दाखवते, कमी कधीच नाही, म्हणजे फायदा कुणाचा ते सांगायला नको. आपल्या जुन्या गणिती ब्रह्मगुप्ताने इ.स. ६२८ मध्ये ही रीत लिहिलीय, पण 'स्थूल', म्हणजे ढोबळ, म्हणून, आणि त्याच श्लोकात 'सूक्ष्म' सूत्रही दिलंय, अर्थात तेही चारही कोपरे एका वर्तुळावर येत असतील तरच लागू.

चार बाजूंनी चौकोन पक्का होतच नाही, डुगडुगतो, म्हणून तर सुतार चौकटीला तात्पुरती तिरपी पट्टी ठोकतो. त्रिकोण मात्र तीन बाजू ठरल्या की हलत नाही. मग कर्ण मोजा, दोन त्रिकोण करा, तीन बाजूंवरून क्षेत्रफळ देणाऱ्या हेरॉनच्या सूत्राने दोन्हींचं क्षेत्रफळ काढून बेरीज करा, एवढंच काम.

पण शाळेत काय, समांतरभुज, समलंब, पतंग, सगळी नावं पाठ. कंपासपेटीतले ३०-६०चे दोन सारखे गुण्ये घेऊन कर्णाला कर्ण (इथे कर्ण म्हणजे काटकोनासमोरची लांब बाजू) लावून बघा म्हणावं. एका तऱ्हेने आयत होतो, त्यातला एक पालथा केला की पतंग, कोन ६०, ९०, १२०, ९०. मुलं पालथा करायलाच तयार नसतात हो, आकडे उलटे दिसतात ना! दोन्ही आकृत्यांचं क्षेत्रफळ सारखं आणि परिमितीही सारखी, हे हातात धरून बघितल्याशिवाय पटत नाही. आणि कर्णाऐवजी काटकोनाची बाजू जोडून एक पालथा केला तर चौकोन होतच नाही, दोन काटकोन मिळून सरळ रेषा होते आणि मोठा त्रिकोणच उरतो. हे कळायला पाच मिनिटं पुरतात, पण परीक्षेत येत नाही म्हणून कोण करणार.

तेव्हा शिक्षकांना विनंती, आठवी-नववीच्या मुलांना एकदा टेप देऊन मैदानात सोडा, कर्णासकट मोजू द्या. फक्त जागेचा एखादा कोपरा आत घुसलेला असेल तर आतून जाणारा कर्ण घ्यायला सांगा, बाहेरचा घेतला तर बेरीज नाही, वजाबाकी करावी लागते.

आपला,
एक वाचक, पेडणे