सुतळीला मारलेल्या गाठीबद्दल

आदरणीय मिस्त्री यांस,
सप्रेम नमस्कार.

आमच्या धान्याच्या शेडचे तुमचे पैसे २०२५ च्या मार्चमध्येच चुकते झाले आणि माझ्या वहीत तुमच्या नावापुढे काही बाकी नाही. तरीही सप्टेंबरमधल्या त्या रात्रीपासून तुमचे काहीतरी देणे राहिले आहे असे मला सारखे वाटते, म्हणून हे पत्र चारचौघांत लिहितो आहे. फोनवर आभार मानायला गेलो की तुम्ही "असू द्या, असू द्या" म्हणत पत्र्याचा भाव सांगू लागता. नाव कुठेही घालायचे नाही असे तुम्ही बजावले आहे, त्यामुळे इथेही नुसते मिस्त्री म्हणतो. आपल्या तालुक्यात ज्याला ओळखायचे तो तेवढ्यावरून ओळखेलच.

तुमच्या आधी आमच्या शेतात धान्यासाठी जी लोखंडी शेड उभी राहिली होती (उभी राहिली हे जरा उदारपणे म्हणतो आहे) ती २०२४ च्या जानेवारीत एका गुत्तेदाराने अकरा दिवसांत बांधून दिली होती. वीस बाय चाळीस फुटांचे माप, पाच कैच्या (छत पेलणारे लोखंडी त्रिकोणी सांगाडे), वर निळा रंगीत पत्रा आणि दारावर लाल अक्षरांत 'शुभ लाभ'. गावातले लोक मुद्दाम बघायला येत. त्याच वर्षीच्या मे महिन्यात वळिवाच्या वाऱ्याने पाऊण तासात ती आडवी केली. ओळीने उभ्या केलेल्या विटांपैकी पहिली ढकलावी आणि शेवटचीपर्यंत सगळ्या पडत जाव्यात, तशा कैच्या एकमेकींवर कलंडल्या आणि पत्रे शेजाऱ्याच्या उसात जाऊन पडले. गुत्तेदाराला फोन केला तेव्हा "निसर्गापुढे कोण काय करणार" असे वाक्य ऐकायला मिळाले, आणि त्यानंतर फोन उचलणेच बंद झाले. ज्या कार्यालयात नुकसानीचा अर्ज घेऊन गेलो, तिथल्या कागदावर जागेवर शेड आढळून आली नाही असा शेरा पडला. शेड पडली म्हणूनच तर अर्ज केला आहे, हे मी तिथे तीनदा सांगितले.

त्या शेडवाचून त्या वर्षीचा हंगाम आम्हाला किती महाग पडला हे सोयाबीन पिकवणाऱ्या कोणालाही वेगळे सांगायला नको. २०२४-२५ चा हमीभाव क्विंटलला ४,८९२ रुपये होता आणि बाजारातला भाव त्याच्या कितीतरी खाली. हमीभावाने द्यायचे तर दाण्यातला ओलावा १२ टक्क्यांच्या आत हवा, आणि आमचा ढीग परतीच्या पावसात बांधावर ताडपत्रीखाली पडलेला. वरून पाणी लागले नाही तरी आतल्या आत तो तापला आणि त्याला कुबट वास सुटला. पुढे नोव्हेंबरात ओलाव्याची अट १५ टक्क्यांपर्यंत सैल झाली, पण तोवर आम्ही मिळेल त्या भावाने माल देऊन मोकळे झालो होतो. माल कोरड्या जागी दोन महिने थांबवता येणे हीच लहान शेतकऱ्याची भाव करण्याची ताकद आहे. आमच्या आजोबांच्या वेळी धान्य साठवायला पेव होते, कणग्या होत्या, वाड्याच्या भिंतीत बळद होते. आमच्या वाट्याला ताडपत्री आली.

अशा अवस्थेत २०२५ च्या फेब्रुवारीत तुम्ही प्रथम शेतात आलात. मला वाटले होते की तुम्ही आल्या आल्या टेप काढाल आणि चौरस फुटाचा दर सांगाल. तुम्ही आधी पडलेल्या खांबांमधून फिरलात, एका खांबाच्या बुडाची प्लेट पायाने उलटी केलीत, जोडावर खिळ्याने ओरखडा काढलात आणि म्हणालात, "ह्याला वेल्डिंग म्हणत नाहीत. नुसते टाके मारलेत, कापड शिवायच्या आधी मारतात तसे." गुत्तेदाराबद्दल त्यापलीकडे एक शब्द तुम्ही बोलला नाहीत. मी मात्र त्याला मनसोक्त शिव्या दिल्या, त्या तुम्ही शांतपणे ऐकून घेतल्या.

मग तुम्ही विचारलेत, "ह्या शेडमध्ये रोज कोण येणार?" मी म्हणालो, मीच. तुम्ही माझ्या बुटांकडे पाहिलेत आणि पुन्हा विचारलेत, "रोज?" तेव्हा मला खरे सांगावे लागले. मी लातूरला नोकरी करतो आणि फक्त रविवारी शेतात येतो; आखाड्यावर, म्हणजे शेतातल्या वस्तीवर, आई आणि तिच्या दोन शेळ्या असतात; धान्य काढणारी, वाळवणारी, पोती मोजणारी आणि उंदरांशी भांडणारी तीच. "मग त्यांना बोलवा," तुम्ही म्हणालात.

आई आली ती पदराने हात पुसतच, आणि लांबच उभी राहिली. बांधकामाच्या बोलण्यात तिला आजवर कोणी बोलावले नव्हते. मीही नाही, हे इथे कबूल करतो. तिची उंची चार फूट आठ इंच असेल, आणि आता पाठीत वाक आल्यापासून तीही भरत नाही. उजवा हात खांद्याच्या वर जात नाही. आधीच्या शेडची कडी साडेपाच फुटांवर, म्हणजे बसवणाऱ्याच्या नाकासमोर होती. ती काढण्यासाठी आई घमेले पालथे घालून त्यावर चढायची आणि याची तक्रार तिने कोणाकडेच केली नव्हती. तुम्ही म्हणालात, "माय, ह्या खांबापाशी उभ्या राहा. आता हात उगी ताणू नका, सहज जाईल तिथं टेकवा." पडझडीत तेवढा एकच खांब कसाबसा सरळ राहिला होता. आईने त्यावर तळहात टेकवला. तुम्ही खिशातून सुतळी काढलीत, एक टोक तिच्या पावलापाशी जमिनीला लावलेत, तळहातापर्यंत ताणलीत आणि तिथे गाठ मारलीत. ती सुतळी घडी घालून तुम्ही वहीच्या पुठ्ठ्यात ठेवलीत. सगळे मिळून एक मिनिटही लागले नसेल.

पुढच्या चार आठवड्यांत तुम्ही जे काम केलेत त्याचे तपशील इथे भरत नाही. मात्र दोन-तीन गोष्टी मला तुमच्याकडून नव्याने कळल्या त्या सांगतो, कारण पुन्हा कोणी आमच्यासारखा फसू नये. पत्र्याच्या छताला वारा दाबत नाही, उचलतो. आमच्या शेडची पश्चिमेची बाजू सताड उघडी होती. तिथून शिरलेला वारा आतून छत वर ढकलत होता आणि वरून जाणारा वारा तेच छत ओढत होता. काळी माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते, त्यामुळे दोनच फूट खोल रोवलेला खांब चार महिन्यांत सैल झालेला असतो. तुम्ही पाच फूट खोल जाऊन मुरूम लागल्यावरच काँक्रीट टाकू दिलेत आणि बोल्ट त्यातच बसवलेत. कैची कितीही जड असली तरी एकीला दुसरीशी धरून ठेवणारे तिरपे अँगल नसतील तर त्या सगळ्या मिळून एका वाऱ्याच्याच असतात, हे तर मी पडलेल्या सांगाड्यातच पाहिले होते, फक्त त्याचा अर्थ लागला नव्हता. पत्र्याच्या कडेला तुम्ही स्क्रू इतके जवळजवळ मारलेत की मला तो खर्च वाढवण्याचा प्रकार वाटला. त्या शंकेबद्दल माफी मागतो.

जोते अडीच फूट उंच घेतलेत, ते उंदरांसाठी आणि ओलीसाठी. त्या उंचीला चढताना आईला त्रास होऊ नये म्हणून पायऱ्या सहा-सहा इंचांच्या केल्यात आणि बाजूला पाइपाचा कठडा दिलात, जो आपल्या बोलण्यात नव्हता आणि बिलातही आला नाही. पोत्यांतली ऊब थंडीच्या रात्री वर चढते, पत्र्याला घाम येतो आणि तेच पाणी पोत्यांवर ठिबकते, म्हणून आढ्याखाली जाळीचे झरोके ठेवलेत. जुने लोखंड माझ्यासमोर तोलून, त्यातले चांगले वापरून उरलेल्या भंगाराचे पैसे तुम्ही माझ्या हातावर ठेवलेत, तेव्हा मी ते दोनदा मोजले. मोजण्याची गरज नव्हती, पण आधीच्या अनुभवाने हाताला तशी सवय लागली होती.

दार बसवण्याच्या दिवशी मी हजर होतो. तुमच्या पोराने कडीसाठी नेहमीच्या उंचीवर खूण केली. तुम्ही त्याला थांबवलेत, वहीच्या पुठ्ठ्यातून ती सुतळी काढलीत आणि आईला पुन्हा न बोलावता गाठीच्या जागी कडी वेल्ड करायला लावलीत. सुतळीचे टोक धरताना वरच्या पायरीपासून मोजायचे, खालच्या जमिनीपासून नाही, हेही तुमच्या लक्षात होते. आई लांबून पाहत होती. त्या संध्याकाळी भाकरी थापताना ती दोनदा म्हणाली, "मला इचारलं त्यानं." पत्रा कोणता, लोखंड किती किलो, यातले तिने काहीच सांगितले नाही.

आमच्या आईच्या मनात पत्र्याला जी जागा आहे ती तुम्हाला ठाऊक नसेल, म्हणून सांगतो. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे, आदल्या रात्री गणपती विसर्जन करून गाव झोपलेले असताना भूकंप झाला, तेव्हा आमच्या किल्लारीच्या पट्ट्यातली दगडमातीची घरे आणि त्यावरची मातीची माळवदे माणसांवर कोसळली. आमची आजी आणि धाकटा काका त्यात गेले. नंतर कितीतरी महिने आम्ही पत्र्याच्या शेडमध्ये काढले. उन्हाळ्यात त्यात भाजून निघायचो, पण आई म्हणायची की हे अंगावर पडले तरी माणूस उठून बसेल. तेव्हापासून मातीच्या छताखाली तिला झोप येत नाही. २०२४ च्या मे महिन्यात तो पत्राही उडून गेला तेव्हा ती काही बोलली नाही, पण नंतर कितीतरी रात्री तिने खाट अंगणात ओढलेली मी पाहिली.

आता त्या रात्रीविषयी. २०२५ च्या सप्टेंबरच्या अखेरीस मराठवाड्यात जो पाऊस झाला तो तुम्हीही भोगला आहे. मी लातूरला अडकलो होतो, ओढ्यावरचा पूल पाण्याखाली होता, वीज गेलेली होती आणि आईचा फोन लागत नव्हता. तेरणा नदीचे पाणी शेतात चढले आणि मध्यरात्रीनंतर आखाड्याच्या खोलीत घोट्यापर्यंत आले. आईने दोन्ही शेळ्यांचे दोर एका हातात धरले, दुसऱ्या हाताने कठडा चाचपत पायऱ्या चढली आणि मिट्ट काळोखात दारावर हात टेकवला. तिचा हात थेट कडीवर पडला. हे तिने मला दुसऱ्या दिवशी दुपारी सांगितले, मी कमरेएवढ्या पाण्यातून पोचलो तेव्हा. ती तुरीच्या पोत्यांवर घोंगडी अंथरून बसली होती, शेळ्या बाजूला रवंथ करत होत्या, आणि जोत्याला पाणी एक वीत कमी होते. "घमेलं शोधावं लागलं नाही," एवढेच ती म्हणाली. ते घमेले सकाळी शेजाऱ्याच्या बांधाला अडकलेले सापडले.

त्यानंतर मी पुष्कळ विचार केला. पाच फुटांचे खड्डे, बोल्ट, तिरपे अँगल, हे सगळे नसते तर शेड टिकली नसती हे उघड आहे आणि त्याचे श्रेय तुमचेच आहे. पण ते काम चोख करणारा दुसरा कारागीरही कदाचित मिळाला असता. त्या सुतळीला गाठ मारणारा मात्र मला आजवर कुठे भेटला नव्हता. मी मुलगा असून माझ्या मनात ते आले नाही. ज्याने पहिली शेड बांधली त्याने आमच्याकडून दोन लाख नेले आणि आमच्या घरात कोण राहते हे त्याला अखेरपर्यंत माहीत नव्हते. तुम्हाला ते अर्ध्या तासात कळले, कारण तुम्ही विचारलेत आणि उत्तर खोटे वाटले म्हणून पुन्हा विचारलेत. चांगुलपणा म्हणतात तो मला यापुढे कुठे शोधायचा झाला तर मी असल्या दुसऱ्यांदा विचारलेल्या प्रश्नांत शोधीन. आपल्या भागात कामसू माणसे पुष्कळ आहेत, प्रामाणिकही आहेत. पण समोरच्या म्हातारीचा हात कुठवर पोचतो याचे माप घ्यावेसे वाटणे हे कोणत्या आयटीआयमध्ये शिकवत असतील असे वाटत नाही. तुम्ही ते कुठे शिकलात, हे एकदा निवांत विचारायचे आहे.

यंदा सोयाबीन निम्म्याहून कमी हाती आले, जे आले त्यातले निवडून वाळवून आत ठेवले आहे. थप्पी चार पोत्यांच्या वर नेलेली नाही आणि खाली लाकडी फळ्या आहेत, भिंतीपासून दीड फूट जागा सोडली आहे. तुम्ही सांगितलेले सगळे आई माझ्याकडून करून घेते. २०२५-२६ चा हमीभाव ५,३२८ रुपये आहे. बघू, थांबता येईल तितके थांबू.

तुमची ती सुतळी दाराच्या कडीलाच बांधलेली आहे. रंगारी आला होता तेव्हा त्याने ती कापायला काढली, तर आईने त्याला रंगाचा ब्रश खाली ठेवायला लावला. तुमचा ओळंबाही आमच्याकडेच राहिला आहे, तो आत खुंटीला टांगून ठेवला आहे. तो न्यायला याल तेव्हा सकाळी फोन करा, म्हणजे आईला हुरड्याचे बघता येईल; आणि दुपारी आलात तर जेवल्याशिवाय ती ओळंबा देणार नाही, असा तिचा निरोप आहे.

आपला ऋणी,
तेरणाकाठचा एक शेतकरी
तालुका औसा, जिल्हा लातूर