ज्याच्या हातात सुरी, त्यालाच डिसेक्शन हॉल बंद

प्रति,
मा. वैद्यकीय शिक्षण मंत्री,
महाराष्ट्र राज्य

विषय : सर्जरीच्या रेसिडेंटना (एमबीबीएसनंतर सर्जरी शिकणाऱ्या डॉक्टरांना) दान आलेल्या देहावर पुन्हा शिकता यावे, म्हणून मिरजेत सोय करण्याबाबत.

मा. मंत्रिमहोदय,
स. न. वि. वि.

सांगलीत सर्जरी करून मी आता निवृत्त झालोय. आधी माझीच एक चूक सांगतो. नुकताच एमएस झालो होतो. आठवडी बाजारात भाजी विकणाऱ्या एका मावशींच्या थायरॉइडच्या गाठीचं ऑपरेशन केलं. गाठ सुरेख निघाली, रक्त फारसं गेलं नाही. मी खूश. दुसऱ्या दिवशी राउंडला मावशी ‘डॉक्टर’ म्हणाल्या, तर तोंडातून नुसती हवा आली. आवाजाची नस दुखावली होती. पुढे कित्येक महिने मेथीच्या पेंडीचा भाव ओरडायला त्या भाच्याला शेजारी बसवत. मला पाहिलं की हसायच्या. त्या चिडल्या असत्या तर बरं झालं असतं.

ती नस, म्हणजे रिकरंट लॅरिंजियल नर्व्ह, मी एमबीबीएसच्या पहिल्या वर्षाला तोंडपाठ केली होती. उजवीकडे ती हाताकडे जाणाऱ्या सबक्लेव्हियन आर्टरीला (धमनीला) वळसा घालते, डावीकडे छातीत उतरून महाधमनीला, आणि मग श्वासनलिकेच्या कडेने परत वर येते. वायवात, म्हणजे तोंडी परीक्षेत, धडाधड सांगून मोकळा झालो. पण थायरॉइडच्या खालच्या आर्टरीला ती कधी मागून ओलांडते, कधी पुढून, कधी फांद्यांच्या मधून. क्वचित उजवीकडे वळसाच घेत नाही, सरळ आडवी येते. हे पुस्तकात वाचणं निराळं आणि जखमेत रक्त साचलेलं असताना ओळखणं निराळं. अठराव्या वर्षी ती नस कशासाठी शोधायची हेच मला कळत नव्हतं. कळलं तेव्हा मी रेसिडेंट होतो, आणि डिसेक्शन हॉल, म्हणजे देह उकलून शिकायची जागा, माझ्यासाठी केव्हाच बंद झाला होता.

मंत्रिमहोदय, गोम इथेच आहे. दान आलेला देह मिळतो तो पहिल्या वर्षाच्या पोरांना. त्यांना तो मिळायलाच हवा, त्यांच्या वाटणीचं काढून घ्या असं मी म्हणत नाही. उलट त्यांच्याच शरीररचनेच्या अभ्यासाला पूर्वी दीड वर्ष होतं, ते १९९७ च्या नियमांनी एका वर्षावर आलं. पण पित्ताशय काढायला, गर्भाशय काढायला जो उभा राहणार, त्याला तोच भाग पुन्हा उकलून बघायची सोय कुठे आहे? गर्भाशयाच्या आर्टरीखालून मूत्रवाहिनी जाते, हे प्रत्येक डॉक्टरला ठाऊक असतं. तरी ती कापली गेल्याचे फोन रात्री-अपरात्री मला येत राहिले.

आता डिसेक्शनची डिजिटल टेबलं आली आहेत. चित्रं देखणी असतात, दुमत नाही. पण स्क्रीनवर आर्टरी ओढून बाजूला करता येत नाही, आणि ती किती ओढली म्हणजे तुटेल हे बोटांना कळत नाही.

तुम्हाला कुणी सांगेल की जुन्या देहावर ऑपरेशन कसं शिकणार? खरं आहे. फॉर्मॅलिनमधला देह लाकडासारखा कडक होतो. आर्टरी, व्हेन, नर्व्ह सगळं एकाच खाकी रंगाचं. शिवाय फॉर्मॅलिन कर्करोगकारक, डोळे झोंबतात ते वेगळंच. पण यावर तोड निघालेली आहे. ऑस्ट्रियातल्या ग्राझचे वॉल्टर थील यांनी १९९२ मध्ये आपली पद्धत प्रसिद्ध केली : मुख्यतः क्षार, बोरिक अॅसिड, ग्लायकॉल आणि अगदी थोडं फॉर्मॅलिन. सांधे वाकतात, रंग बराचसा टिकतो, पोट फुगवून दुर्बिणीचं ऑपरेशनसुद्धा करता येतं. खर्च जास्त आहे, हेही सांगून टाकतो.

अशी एक प्रयोगशाळा मिरजेत करा. १८९४ मध्ये वानलेस साहेबांनी तिथे हॉस्पिटल उघडलं, १९६२ पासून शासकीय कॉलेज आहे, २०२१ पासून साताऱ्यातही आहे, मध्ये कऱ्हाडलाही मेडिकल कॉलेज आहे. या पट्ट्यातले रेसिडेंट, आणि तालुक्यात एकट्याने सर्जरी करणारे आमच्यासारखे, वर्षातून काही दिवस येतील. फी घ्या हवी तर.

देह मिळतील का? मिळतील, पण घेणारा जागा असला तर. ओळखीतले एक निवृत्त गुरुजी रात्री अकराला गेले. देहदानाचा फॉर्म भरलेला होता. मुलाने कॉलेजला फोन केला तर उत्तर आलं, ‘सकाळी या, आणि गाडीचं तुमचं तुम्ही बघा.’ घरात पाहुणे जमलेले, मुंग्या लागायची भीती, वर भावकीची कुजबुज. पहाटे त्यांना अग्नी दिला. साताऱ्याचे डॉ. नरेंद्र दाभोलकर मिरजेतच डॉक्टर झाले. त्यांचीही देहदानाची इच्छा होती, पण २०१३ मध्ये खून झाल्यावर पोस्टमॉर्टेम करावंच लागलं आणि ती राहून गेली. तिथे कुणाचाच इलाज नव्हता. गुरुजींच्या बाबतीत मात्र होता : रात्री उचलला जाणारा एक फोन आणि एक गाडी.

माझाही फॉर्म भरलेला आहे, दोन्ही मुलींच्या सह्या आहेत. त्यावर मी एक ओळ हाताने लिहिली आहे : मानेचा भाग सर्जरीच्या रेसिडेंटसाठी ठेवावा. फॉर्ममध्ये असा रकाना नाही, असं क्लार्कने सांगितलं. तेवढा रकाना वाढवून घ्यावा.

आपला,
एक निवृत्त सर्जन, सांगली