तो ढोल चिनी फौजेचा नव्हे

महोदय,

रविवारच्या पुरवणीतील रणवाद्यांवरचा लेख आवडला. मात्र कांस्यढोलाच्या छायाचित्राखाली छापलेली ‘प्राचीन चिनी सैन्याचे रणवाद्य’ ही ओळ दुरुस्त व्हावी, म्हणून हे पत्र.

चिनी फौजा चाल करून जाताना प्रामुख्याने कातड्याने मढवलेले ढोल वाजवीत आणि माघारीचा इशारा धातूच्या वाद्यावर देत. माथ्याच्या मध्यभागी सूर्य आणि कडेला बेडूक असलेला चित्रातील ढोल मात्र आजच्या दक्षिण चीनमधील ग्वांगशी, युन्नान आणि उत्तर व्हिएतनाम या पट्ट्यातील जमातींच्या परंपरेतला आहे. त्याला कातडे नसते. माथ्यासकट तो ओतीव असतो. चीनच्या सुई राजवटीच्या इतिहासात असे नमूद आहे की, एकमेकांवर चाल करायची झाली की हे लोक ढोल वाजवीत, तो ऐकून माणसे ढगांसारखी जमत आणि ज्याच्याकडे ढोल असे त्याला सारे मान देत. म्हणजे हे वाद्य नुसते लढाईचे नव्हते, ती सरदारकीची खूण होती. इ. स. ४३ मध्ये उत्तर व्हिएतनाममधील ट्रुंग भगिनींचे चिनी सत्तेविरुद्धचे बंड मोडणाऱ्या, चीनच्या हान राजवटीच्या सेनापती मा युआनने हाती लागलेले असे ढोल वितळवून त्यांचा घोडा ओतवला आणि तो बादशहाला अर्पण केला. आपल्याकडे १७३९ मध्ये वसई घेतल्यावर मराठ्यांनी पोर्तुगीजांच्या घंटा आणून देवळांत टांगल्या. नाशिकची नारोशंकराची घंटा त्यांपैकीच. तसे भाग्य त्या ढोलांना लाभले नाही, याचे मला मनापासून वाईट वाटते.

हे वाटण्याचे कारण माझ्या कामात आहे. वागळे इस्टेटमधल्या एका फाउंड्रीत माझी उभी हयात गेली. ओतलेला नग थंड झाला की आम्ही त्यावर हातोडी हलकेच मारून कान देत असू. आत तडा असेल तर आवाज बद्द येई आणि नग पुन्हा भट्टीत जाई. ग्वांगशीतील बैल्यू येथे मिळालेल्या सर्वांत मोठ्या ढोलाचा व्यास १६५ सेंटिमीटर असून वजन सुमारे ३०० किलो आहे. एवढा रुंद, पातळ माथा ओतताना धातूचा रस गोठण्याआधी साच्याच्या कानाकोपऱ्यात पोहोचवावा लागतो, आणि एका ठिकाणी जरी तो अडला तरी सगळी मेहनत वाया जाते. हे ज्या ओतकाऱ्यांनी साधले, त्यांची नावे आज कोणालाच ठाऊक नाहीत. निदान त्यांच्या मुलखाचे नाव तरी चित्राखाली यावे, एवढी विनंती.

– एक निवृत्त फाउंड्री कामगार, ठाणे