फॅशन डिझाइनच्या अभ्यासक्रमात हातमागाला जागा हवी

महोदय,

माझी मुलगी नागपुरातील एका महाविद्यालयात फॅशन डिझाइनच्या दुसऱ्या वर्षात शिकते. रात्री जेवणाच्या टेबलावर मांजरपाट पसरून ती बाहीच्या गोलाईचा कागदी साचा पाच-सहा वेळा कापते, तेव्हा हे शिक्षण म्हणजे ‘नुसती चित्रे काढणे’ नव्हे, हे आमच्या नातेवाइकांनाही पटू लागले आहे. (अर्थात, ब्लाउज फुकटात शिवून मागणारे अजून आहेतच.)

तक्रार वेगळी आहे. गेल्या सत्रात तिला पारंपरिक वस्त्रांवर प्रकल्प करायचा होता. त्यासाठी दाखवलेले सारे नमुने पडद्यावरचे होते आणि आपल्या विदर्भातल्या करवतकाठी साडीचा उल्लेखही त्यात नव्हता. टसर रेशमाचे अंग आणि करवतीच्या दात्यांसारखी किनार असलेली ही साडी विणताना तीन धोटे (आडवा धागा वाहून नेणारी साधने) चालवून काठाचे व अंगाचे धागे एकमेकांत अडकवले जातात. ही गुंफण उलट बाजूने बोट फिरवल्याशिवाय कळत नाही, हे मी तिला आजीची साडी ट्रंकेतून काढून दाखवले.

ज्या शहरात 1877 मध्ये एम्प्रेस मिल ही कापडगिरणी सुरू झाली आणि ज्याच्या आसपास उमरेड, पवनी, भंडारा येथे पिढ्यान्‌पिढ्या माग चालले, तेथील विद्यार्थ्यांनी ताणा-बाणा फक्त पुस्तकात पाहावा, हे खटकते. महाविद्यालयांनी प्रत्येक सत्रात निदान आठवडाभर विद्यार्थ्यांना विणकराच्या मागावर बसवावे आणि त्या विणकरास पाहुण्या प्राध्यापकाइतके मानधन द्यावे.

– एक पालक, नागपूर