वीटवाल्या बाईकडून आभार

मॅडम, सप्रेम नमस्कार.

नावाने मी तुम्हाला आठवणार नाही, मेंदूत कल्पना कशा सुचतात यावरच्या तुमच्या अभ्यासात मी एक क्रमांक होते. खूण सांगते. सरावात 'विटेचे उपयोग सांगा' म्हणालात, तेव्हा घर बांधायला, दार अडवायला वगैरे संपल्यावर 'तिच्यावर उभं राहून कुणाची तरी वाट बघायला' असं म्हणणारी ती मी. तुम्ही हसलात आणि लगेच गंभीर होऊन वहीत काहीतरी टिपलंत.

मग एमआरआय. डोक्याभोवती पिंजरा, वर इवलासा आरसा, आरशात शब्द. घाबरलात तर दाबा म्हणून हातात रबरी फुगा. हलायचं नाही म्हटल्याबरोबर नाकाच्या शेंड्याला खाज सुटली. (विज्ञानासाठी एवढं मी सोसलं, याची नोंद असावी.)

बाहेर आल्यावर मी जे विचारलं, ते विचारण्यासाठीच खरं तर मी नाव नोंदवलं होतं. "माझं दुःख दिसलं का यात? कविता तिथूनच येते ना?" तुम्ही म्हणालात, एकट्या माणसाच्या चित्रावरून असलं काही सांगता येत नाही. मला जरा रागच आला. इतका वेळ पडून राहून हेच?

पण तुम्ही खुर्ची ओढून बसलात. २००१ साली मेंदू-संशोधक मार्कस रेकल आणि सहकाऱ्यांनी मांडलेलं, मन भटकत असताना जागं असणारं मेंदूतलं जाळं, आणि लगाम धरणारं दुसरं, अशी दोन वर्तुळं तुम्ही कागदावर काढलीत. एरवी एक वर आलं की दुसरं मागे सरतं. २०१८च्या एका अभ्यासात मात्र १६३ जणांपैकी ज्यांना वेगळ्या कल्पना सुचत होत्या, त्यांच्यात ही जाळी जास्त जुळवून घेऊन चालताना दिसली. 'मी उजव्या मेंदूची, म्हणून कल्पक' हा माझा जुना तोरा तिथेच उतरला.

आणि दुःख? भावना आणि सर्जनशीलता यांवरचं २५ वर्षांचं संशोधन एकत्र करून २००८ साली पाहिलं गेलं, तेव्हा उत्साही आनंदाचा कल्पकतेशी संबंध दिसला, उदासीचा नाही, हे तुम्ही सांगितलंत. वर हेही, की ही सरासरी आहे, तुमच्या कवितेचा निकाल नाही.

मग मी, कुणालाच सांगितलं नव्हतं ते, बोलून गेले. नैराश्याच्या गोळ्या बंद करणार होते. गोळ्यांनी मन बोथट होतं आणि ओळी सुचत नाहीत, अशी माझी खात्री होती. तारीखसुद्धा ठरवून ठेवली होती.

तुमची पेन्सिल थांबली. "हा माझा प्रांत नाही," म्हणालात. "पण परस्पर बंद करू नका. बोथट वाटतं, हेच तुमच्या डॉक्टरांना जसंच्या तसं सांगा." आणि मी ते विसरू नये म्हणून त्याच कागदाच्या कोपऱ्यात लिहून दिलंत.

मी सांगितलं. डॉक्टरांनी औषध बदललं. ठरवलेली तारीख कधी उलटून गेली, मला कळलंही नाही.

कविता सुधारल्यात असा दावा नाही. चार ओळी लिहिते, तीन खोडते. पण लिहायला बसण्याआधी मन मुद्दाम काळवंडून घेण्याची सवय सुटली. तो एक उद्योगच होऊन बसला होता.

दोन वर्तुळांचा तो कागद माझ्याकडेच राहिलाय, परत मागू नका. पुढच्या फेरीला माणसं कमी पडली तर जरूर बोलवा. विटेचे आणखी चार उपयोग सुचलेत.

आपली,
वीटवाली