तुझं खोकं अजून माझ्याकडेच आहे

निशी-कासाई, तोक्यो
१२ एप्रिल

प्रिय सुध्या,

परवा आवराआवर करताना कपाटावरून तुझं जपानी अ‍ॅनिमेशनच्या जुन्या मासिकांचं खोकं खाली काढलं. २००६ मध्ये जाताना ‘पुढच्या वर्षी येऊन नेतो’ म्हणाला होतास, तेच. सुतळी सोडली आणि जुन्या कागदाचा तो वास आला. मग कसली आवराआवर! रात्री दोनपर्यंत जमिनीवर बसून होतो.

आठवतं ना, रविवारी सकाळी पोहे खाऊन निघायचो. तोझाई लाइनवर बसलं की गाडी न बदलता थेट नाकानो. ब्रॉडवेच्या त्या जुन्या इमारतीत मांदाराकेची दुकानं, आणि मासिकं प्लॅस्टिकच्या पिशव्यांत. पिशवीवरची चिठ्ठी वाचता यावी म्हणून आपण आधी दोनच शब्द घोकले: ‘फुरोकु’ म्हणजे अंकासोबतची भेट, आणि ‘किरिनुकी’ म्हणजे कात्रण कापलेलं. पोस्टर नसलेला अंक स्वस्त, म्हणून आपण तोच घ्यायचो. मला त्या कापलेल्या चौकोनांचं कधीच वाईट वाटलं नाही. ते चित्र कुणाच्या तरी भिंतीवर लागलं होतं.

‘अ‍ॅनिमेज’ मासिकाचा जुलै १९७८चा पहिला अंक, मुखपृष्ठावर यामातो हे कार्टूनमधलं अंतराळजहाज, आपल्याला काही परवडला नाही. काचेतूनच पाहिला. ‘न्यूटाइप’ १९८५चं, म्हणजे त्यामानाने धाकटं. छपाई देखणी, पण जीव ‘अ‍ॅनिमेज’वरच.

आणि तुझी नाउशिका! ‘अ‍ॅनिमेज’मधली ती मांगा, म्हणजे जपानी चित्रकथा, फेब्रुवारी १९८२च्या अंकापासून मार्च १९९४पर्यंत चाललेली. मूळ मांगा नसलेल्या कथेवर चित्रपट काढायला कुणी तयार होईना, म्हणून दिग्दर्शक मियाझाकींनी आधी मांगाच सुरू केली, हे तू मला गाडीत उभ्या उभ्या सांगितलं होतंस. सातही खंड कुठल्याही दुकानात मिळत होते. मी म्हणायचो, तेच घे की. तू म्हणायचास, ‘पुस्तकात पान उलटलं की पुढचं प्रकरण येतं. अंकात ते येत नाही.’ तेव्हा मला हा नुसता हट्ट वाटायचा. परवा कळलं रे. मियाझाकी चित्रपटात गुंतले की मालिका थांबायची, आणि वाचणारी पोरं दर महिन्याच्या १० तारखेला दुकानात जाऊन अनुक्रमणिका चाळत असणार. चित्रपट येणार आहे, कसा होईल कुणाला ठाऊक नाही, अशा दिवसांतला अंक हातात धरला की आपणही त्या पोरांत जाऊन बसतो. खंडांत हे सापडत नाही. खंडांत सगळं आधीच ठरलेलं असतं.

खोक्यात तो १९८९चा अंकही निघाला. टीव्ही मालिकांच्या पानावर कोपऱ्यात आपला मोगली! सांगलीत तुमच्या घरी रविवारी दूरदर्शनवर बघायचो तोच. तो जपानी आहे हे आपल्याला त्या दुकानात, वयाच्या सव्विसाव्या वर्षी कळलं. तू ‘अरे, हा आपला!’ असं मोठ्याने ओरडलास, आणि काउंटरवरच्या आजोबांनी काही न बोलता अंकाला जादा कागद गुंडाळून दिला होता.

पण मी अडकलो ते तुझ्या अक्षरापाशी. नाउशिकाच्या पानांवर जपानी कांजी अक्षरांशेजारी बारीक पेन्सिलीने मराठी अर्थ. ‘बुरशी’. ‘वारा’, त्याखाली ‘झुळूक नव्हे’. एका शब्दापुढे नुसतंच ‘नंद्याला विचारणे’. तू विचारलंच नाहीस. तो शब्द ‘चिकाई’, म्हणजे शपथ, वचन.

दिवाळीत येतोय. सामानाला २३ किलोची मर्यादा, आणि खोकं परवा वजनकाट्यावर ठेवलं तर ३१ भरलं. त्यात आईची औषधं आणि तुझ्या पोरीसाठी रंग आणायचेत. म्हणून नाउशिकाचे अंक आणि मोगली या खेपेला आणतो, उरलेले पुढच्या वेळी. तुला आधी दुसरे कुठले हवे असतील तर दसऱ्याच्या आत कळव.

काकूंना नमस्कार.

तुझा,
नंद्या