मुळशीचं खरं सांगते

चि. सोनू,
अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर तू विचारलंस रिसॉर्ट कसं होतं, आणि मी म्हटलं मस्त, एकदम मस्त. बाबा बाजूलाच बसले होते, त्यांनी माझ्याकडे असं काही बघितलं ना. पण तू आमच्या लग्नाच्या तिसाव्या वाढदिवसाला एवढे पैसे भरलेस, मग तोंडातून दुसरं काय निघणार. खोटं बोलले की मला झोप लागत नाही, म्हणून हे टाईप करतेय, दोन दिवस झाले एका बोटाने.

आधी चांगलं सांगते. एसी थंडगार होता आणि बाथरूम आपल्या दादरच्या हॉलएवढं. झालं.

2006 ला आपण पहिल्यांदा गेलो होतो, बाबांना एरियर्स मिळाले होते तेव्हा, तू सात वर्षांचा, मारुती 800 मध्ये मागे पिशवी धरून बसलेला. तेव्हा तिथे मोजून बारा कौलारू खोल्या होत्या आणि मोबाईलला रेंज फक्त गेटजवळच्या फणसाखाली, बाबा दर तासाला जाऊन त्या फणसाखाली उभे राहायचे. तो फणस गेला रे. तिथे आता इन्फिनिटी पूल आहे, म्हणजे समोर अख्खं धरण पसरलंय आणि लोक त्याच्याकडे पाठ करून पूलमध्ये सेल्फी काढतायत. संध्याकाळी डीजे. मेनू क्यूआर कोडवर, बाबांना चष्मा सापडेपर्यंत माझी भूक मेली. आणि भात कसला तर बासमती! मुळशीत बसून, जिथला आंबेमोहोर शिजला की चार घरं पलीकडे वास जातो, तिथे बासमती. पिठलं-भाकरी आहे का विचारलं तर ती 'लोकल थाळी' आदल्या दिवशी सांगायला लागते म्हणे.

हे सगळं मी चालवून घेतलं असतं, पण मामा नव्हते. होडीवाले मामा, आठवतात ना? तू त्यांना विचारलं होतंस पाण्याच्या खाली काय आहे, आणि ते म्हणाले, "आमच्या आज्याचं शेत हाय, भाताचं." झालं, तू रात्रभर जागा, पाण्याखाली भात कसा उगवतो म्हणून. मग घरी आल्यावर बाबांनी तुला समजावलं, टाटांच्या धरणात जमिनी गेल्या, 1921 ला रामनवमीला सत्याग्रह सुरू झाला, 'जान किंवा जमीन', आणि त्याचे पुढारी बापट, त्यांना सेनापती लोक तेव्हापासून म्हणायला लागले. आपल्या फूल मार्केटचा रोड त्यांच्याच नावाचा, आपण मेले अजून तुळशी पाईपच म्हणतो. धरण काही थांबलं नाही. ते पाणी 1927 पासून डोंगरातून खाली कोकणात भिऱ्याला उतरतं, तिथे वीज होते, ती मुंबईकडे येते, आणि पाणी जातं कुंडलिकेत. कॉलेजात तू कोलाडला राफ्टिंगला गेलास ते हेच पाणी, मामांच्या आज्याच्या शेतावरचं. आणि आपण तरी काय, त्याच काठावर रात्रीचे पाच हजार देऊन मजा करायलाच गेलो होतो.

रिसेप्शनवर मामांची चौकशी केली. पोरगा नवीन, सहा महिन्यांपूर्वी आलेला, म्हणाला मॅम बोटिंग अब वेंडर देखता है. त्याचा काय दोष.

अजून एक. आपण कायम ऑगस्टमध्ये गेलो, पाणी काठोकाठ. या वेळी मे. पाणी कुठच्या कुठे खाली गेलेलं, नुसती लाल माती. ती दिसू नये म्हणून त्या बाजूला बांबूचं कुंपण घातलंय आणि पुढे कुंड्या. सकाळी साडेसहाला बाबा घोरत होते तेव्हा मी कुंपणाच्या फटीतून खाली उतरले (हो, गुडघे, माहितीये, ओरडू नकोस). तर खाली खाचरांचे बांध, सोनू. दगडी, एकाखाली एक, इतके पावसाळे पाण्यात काढून अजून जागेवर. त्यातला मामांच्या आज्याचा कुठला कोण जाणे, मी आपली एकावर चप्पल काढून बसले. दहा मिनिटं झाली असतील, वर वॉचमनने शिट्टी मारली, मॅडम उधर अलाऊड नहीं है.

येताना बाबांनी पौडला गाडी थांबवून पाच किलो आंबेमोहोर घेतला, दोन किलो तुझा, गणपतीत येशील तेव्हा ने. आणि त्या स्पाचं कूपन तसंच राहिलंय, बाबा म्हणाले अनोळखी माणसाकडून तेल लावून घ्यायला माझी काही दिवाळीची अंघोळ आहे का. त्याचे पैसे परत मिळतात का बघ, बुकिंग तुझ्या नावावर आहे.

आई